प्रॉक्सीची ताकद कशी मोजायची?

2006 साली नॉर्वेतल्या ‘व्हेर्डेन्स गांग’ या वर्तमानपत्राच्या वेबसाइटपुढे बारा कॅशे सर्व्हर तैनात होते. वाचकाने बातमीवर क्लिक केलं की त्याची मागणी आधी या बारांपैकी एकाकडे जायची. त्याच्याकडे त्या पानाची ताजी प्रत असली तर तिथूनच उत्तर मिळायचं, मूळ सर्व्हरला कळायचंही नाही. पुढे या पत्राने पॉल-हेनिंग काम्प या डॅनिश प्रोग्रॅमरकडून त्याच कामासाठी नवं सॉफ्टवेअर लिहून घेतलं. त्याचं नाव ‘वार्निश’. ते बसवल्यावर बारा मशिनांचं काम तीन मशिनं करू लागली.

मग बाकीच्या नऊ मशिनांवरचा पैसा नेमका कशात जात होता?

कॉलेज, कारखाना, बातम्यांची साइट, व्हिडिओ दाखवणारी कंपनी, जिथे एकच गोष्ट अनेकांना पुन्हा पुन्हा लागते तिथे मध्ये एक कॅशे प्रॉक्सी बसवतात. तो विकत घेताना कोटेशनमध्ये प्रोसेसरचे कोअर किती, रॅम किती हे लिहिलेलं असतं आणि सोबत ‘सेकंदाला इतक्या हजार रिक्वेस्ट’ असा एक भरघोस आकडाही असतो. त्या आकड्यावर कितपत विसंबायचं, हे ठरवायला मशिनच्या पोटात थोडं डोकवावं लागतं.

हिट, मिस आणि लॉगची एक ओळ

गल्लीतला वाणी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी घाऊक बाजारात पळत नाही. रोज खपणारा माल तो दुकानात भरून ठेवतो. कॅशे प्रॉक्सीही तेच करतो. मागितलेली वस्तू जवळ असली तर ‘हिट’, नसली तर ‘मिस’. मिस झाली की प्रॉक्सी मूळ सर्व्हरकडून ती आणतो, मागणाऱ्याला देतो आणि एक प्रत स्वतःकडे ठेवतो.

ही कल्पना वेबइतकीच जुनी आहे. 1994 साली जिनिव्हात भरलेल्या पहिल्या जागतिक वेब परिषदेत सर्नच्या प्रॉक्सीवरचा निबंध वाचला गेला होता. अमेरिकेत ‘हार्वेस्ट’ नावाच्या संशोधन प्रकल्पातून आणखी वेगवान कॅशे तयार झाली आणि तिच्या कोडवर 1996 मध्ये डुएन वेसल्स यांनी ‘स्क्विड’ उभा केला. स्क्विड फुकट होता, लिनक्सवर चालायचा, जुन्या पीसीवरही तग धरायचा. भारतात 15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा बँडविड्थ सोन्याच्या भावाने मिळत होती. पुढची कित्येक वर्षं अनेक इंजिनिअरिंग कॉलेजांत ब्राउझरच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सीचा पत्ता आणि 3128 हा पोर्ट टाकल्याशिवाय एकही पान उघडत नसे. 3128 हा स्क्विडचा ठरलेला पोर्ट.

स्क्विडचा लॉग उघडला तर प्रत्येक रिक्वेस्टची एक ओळ दिसते. नेहमीच्या मांडणीत तिच्यात दहा रकाने असतात. पहिला वेळेचा. दुसऱ्यात उत्तर द्यायला किती मिलिसेकंद लागले ते. तिसऱ्यात मागणाऱ्याचा पत्ता आणि चौथ्यात निकाल. निकाल ‘टीसीपी_मेम_हिट’ असेल तर वस्तू रॅममध्ये सापडली. ‘टीसीपी_हिट’ असेल तर ती बहुधा डिस्कवरून आली. ‘टीसीपी_मिस’ म्हणजे बाहेर जावं लागलं. दुसरा आणि चौथा रकाना शेजारी ठेवून पाहिलं की मशीन कुठे अडतं ते दिसायला लागतं. डिस्कवरच्या हिटला मिसइतकाच वेळ लागत असेल तर प्रॉक्सी असून नसल्यासारखाच. त्या मशिनमध्ये आणखी कोअर घालून काही साधत नाही.

डिस्कचा हात

कॅशे सर्व्हरची पहिली अडचण जवळपास नेहमी डिस्कची असायची. जागा पुरायची, वेग पुरायचा नाही.

मिनिटाला 7200 फेरे घेणारी हार्ड डिस्क सेकंदाला 120 वेळा फिरते. म्हणजे एका फेऱ्याला 8 मिलिसेकंदांहून थोडं जास्त. हवा तो तुकडा वाचणाऱ्या हाताखाली यायला सरासरी अर्धा फेरा, सुमारे 4 मिलिसेकंद. त्याआधी तो हात योग्य रेघेवर सरकायला हवा, त्याचे आणखी 8 एक मिलिसेकंद. दोन्ही मिळून बारा-साडेबारा. याचा अर्थ इकडेतिकडे विखुरलेल्या छोट्या फायली वाचायच्या असतील तर अशी डिस्क सेकंदाला 80 च्या आसपासच कामं उरकते. सिनेमासारखी एकच मोठी फाइल सलग वाचताना सेकंदाला शंभर एमबीहून जास्त देणारी डिस्क इथे केविलवाणी होते, कारण वेबवरच्या वस्तू छोट्या असतात. स्क्विडच्या हिशोबात एका वस्तूचा सरासरी आकार वर्षानुवर्षं 13 केबी धरला गेला.

शिवाय कॅशेला फक्त वाचून भागत नाही. प्रत्येक मिसनंतर नवी प्रत लिहायची, जागा संपली की जुनी पुसायची, दोन्हीची नोंद फोल्डरांत करायची. सेकंदाला 200 रिक्वेस्ट येणाऱ्या ठिकाणी एक डिस्क पुरत नाही हे कागदावरच दिसतं. म्हणून जाणकार सांगायचे की एक मोठी डिस्क घेण्यापेक्षा चार छोट्या घ्या. जागा तेवढीच, पण हात चार.

त्या चार डिस्क रेड-5 मध्ये, म्हणजे एक डिस्क बिघडली तरी माहिती टिकावी अशा जोडणीत, बांधण्याचा मोह मात्र टाळावा लागतो. रेड-5 मध्ये एक छोटं लिखाण करायला जुना मजकूर वाचणं, जुनी पॅरिटी (दुरुस्तीसाठीची जादा नोंद) वाचणं, नवा मजकूर लिहिणं आणि नवी पॅरिटी लिहिणं अशी चार कामं पडतात. बँकेच्या खात्यांसाठी ही सुरक्षितता हवीच. कॅशेतली प्रत्येक गोष्ट मुळात दुसरीकडे असतेच. डिस्क गेली तर काही काळ मिस वाढतील, बाकी नुकसान नाही. त्यामुळे डिस्का सुट्या ठेवणंच बरं.

एसएसडी आल्यावर हाताची कटकट संपली. साधी एसएसडीसुद्धा सेकंदाला हजारो छोटी कामं करते, एनव्हीएमई तर लाखांत जाते. पण तिची दुसरी मर्यादा आहे, झिजेची. सर्वसामान्य ग्राहकांसाठीच्या 1 टीबीच्या एसएसडीवर 600 टीबी लिहिण्याची हमी सर्रास दिसते. घरच्या लॅपटॉपला ती आयुष्यभर पुरते. रोज 500 जीबी लिहिणाऱ्या कॅशेत ती 1200 दिवसांत, म्हणजे सव्वातीन वर्षांत संपते. खरेदीच्या वेळी एसएसडीचा वेग सगळे विचारतात. हा आकडाही तितक्याच आवर्जून विचारायला हवा.

रॅमचा हिशोब

‘मोठी डिस्क टाकली की झालं’ हा समज आणखी एका ठिकाणी फसतो. डिस्कवर काय काय आहे, याची यादी स्क्विड रॅममध्ये ठेवतो. वस्तू डिस्कवर असली तरी तिची नोंद रॅममध्येच. 64-बिट मशिनवर त्यासाठीचा ढोबळ नियम आहे, दर 1 जीबी डिस्क-कॅशेमागे 14 एमबी रॅम.

100 जीबीची कॅशे घेतली तर सरासरी 13 केबीने तीत सुमारे 80 लाख वस्तू मावतात आणि त्यांच्या यादीला 1.4 जीबी रॅम लागते. 1 टीबी केली तर 14 जीबी. ही झाली फक्त यादी. सर्वाधिक मागणीच्या वस्तू रॅममध्ये ठेवायच्या तर त्यांची जागा वेगळी, उघड्या कनेक्शनांची वेगळी, ऑपरेटिंग सिस्टिमची वेगळी. 16 जीबी रॅमच्या सर्व्हरला कोणी उत्साहाने 2 टीबीची कॅशे जोडली तर यादीच रॅमबाहेर सांडते, सिस्टिम स्वॅपवर, म्हणजे डिस्कलाच रॅम म्हणून वापरण्यावर, जाते आणि प्रॉक्सी इंटरनेटपेक्षा हळू होतो.

इथेच नॉर्वेच्या नऊ मशिनांचं उत्तर आहे. तिथल्या बारा मशिनांवर स्क्विडच चालत होता. काम्प हे फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर काम केलेले गृहस्थ. त्यांचं म्हणणं असं की कुठली वस्तू रॅममध्ये ठेवायची आणि कुठली डिस्कवर, हे स्क्विड स्वतः ठरवतो. पण ऑपरेटिंग सिस्टिमही तेच काम करत असते आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. स्क्विडला वाटतं अमुक वस्तू रॅममध्ये आहे. प्रत्यक्षात सिस्टिमने ती केव्हाच डिस्कवर सरकवलेली असते. मग स्क्विड ती वस्तू डिस्कवर टाकायची ठरवतो, तेव्हा सिस्टिम ती आधी डिस्कवरून रॅममध्ये आणते आणि स्क्विड ती पुन्हा डिस्कवर दुसऱ्या जागी लिहितो. तीच वस्तू दोनदा हलली, फायदा शून्य. वार्निशने हा उद्योग बंद केला आणि रॅम-डिस्कची वाटणी ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवली. दोन्ही सॉफ्टवेअरना एकाच मापाने मोजणंही योग्य नव्हे, कारण वार्निश एका साइटपुढे उभा राहायला बनला होता आणि स्क्विड अख्ख्या इंटरनेटसाठी. तरी सर्व्हर कमी पडतोय असं वाटतं तेव्हा दर वेळी लोखंडच कमी पडत असतं असं नाही, एवढं त्या प्रकरणातून दिसलं.

प्रोसेसरचंही तसंच. स्क्विड मुळात एकाच प्रोसेसमध्ये चालणारा. बत्तीस कोअरचं मशीन घेतलं तरी मुख्य काम एकच कोअर करायचा. 2012 च्या 3.2 आवृत्तीपासून अनेक ‘वर्कर’ चालवायची सोय झाली, पण ती सेटिंगमध्ये सांगावी लागते. न सांगितल्यास एकतीस कोअर पगारी रजेवर.

दुप्पट कॅशे, दुप्पट हिट?

1999 साली ली ब्रेस्लाव, पेई काओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा ठिकाणच्या प्रॉक्सींच्या नोंदी तपासल्या. मोजक्या पानांना प्रचंड मागणी आणि बाकीच्या असंख्य पानांना जेमतेम, असाच आकार सगळीकडे दिसला. त्यातून निघालेला निष्कर्ष खरेदी करणाऱ्याच्या कामाचा आहे. कॅशे वाढवत नेली की हिटचं प्रमाण वाढतं, पण लॉगॅरिदमच्या चालीने. म्हणजे 10 जीबीवरून 100 जीबीवर जाताना जितकी टक्केवारी वाढली, साधारण तितकीच पुन्हा वाढवायला 1000 जीबी लागतात.

वेबसाइटच्या प्रती जगभरच्या कॅशे सर्व्हरवर ठेवणाऱ्या अकामाई या कंपनीसाठी काम केलेले ब्रूस मॅग्ज आणि रमेश सीतारामन यांनी 2015 मध्ये आणखी एक गोष्ट समोर ठेवली. त्यांनी पाहिलेल्या सर्व्हरसमूहात जवळपास तीन चतुर्थांश वस्तू दोन दिवसांत एकदाच मागितल्या गेल्या होत्या. त्या डिस्कवर लिहिण्याचा खटाटोप फुकटच. उपाय सोपा निघाला. पहिल्या मागणीला फक्त आठवण ठेवायची, दुसऱ्यांदा मागितली तरच वस्तू साठवायची. एवढ्यावर डिस्कवरचं लिखाण 44 टक्क्यांनी घटलं. नवीन डिस्क न घेता.

हिटचं मोजमापही दोन प्रकारचं असतं. शंभरातल्या किती रिक्वेस्ट कॅशेतून भागल्या हे एक आणि शंभरातले किती बाइट कॅशेतून गेले हे दुसरं. लहान-लहान आयकॉन भरपूर साठवले तर पहिलं प्रमाण वाढतं, पण इंटरनेटचं बिल फारसं घटत नाही. मोठ्या फायली साठवल्या तर उलटं. स्क्विडमध्ये जुनी वस्तू काढून टाकायची पद्धत निवडता येते. ‘जीडीएसएफ’ पहिल्या प्रमाणाला धार्जिणी, ‘एलएफयूडीए’ दुसऱ्याला. विक्रेता नुसतं ‘60 टक्के हिट’ म्हणाला तर ‘कशाचे 60 टक्के’ असं विचारायला हरकत नाही.

परीक्षेची परीक्षा

नव्वदीच्या शेवटी कॅशे सर्व्हर विकणाऱ्या कंपन्यांचं पीक आलं आणि प्रत्येकीचा आकडा दुसरीपेक्षा मोठा. तुलना करायची कशी? 1998 मध्ये जुसारा आल्मेडा आणि पेई काओ यांनी ‘विस्कॉन्सिन प्रॉक्सी बेंचमार्क’ तयार केला. अपाचे, सर्न, स्क्विड वगैरे प्रॉक्सी त्यांनी एकाच प्रकारच्या हार्डवेअरवर चालवले. गर्दीच्या वेळी मुख्य अडथळा डिस्कचा, हे त्यात दिसलं. आणखी एक गोष्ट दिसली. वापरणारा मोडेमवर असेल तर कॅशेमुळे वाचलेला वेळ मोडेमच्या संथपणात जवळजवळ बुडून जातो. प्रयोगशाळेतल्या वेगवान तारेवर हे कधीच कळलं नसतं.

त्यापाठोपाठ अ‍ॅलेक्स रूस्कोव्ह आणि डुएन वेसल्स यांचं ‘वेब पॉलिग्राफ’ आलं. 1999 पासून त्यावर जाहीर स्पर्धा भरू लागल्या. कंपन्या आपापली मशिनं घेऊन यायच्या आणि सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका. पॉलिग्राफमधले ‘रोबो’ माणसांसारखी पानं मागायचे आणि पलीकडे खोटे मूळ सर्व्हर त्यांना उत्तरं द्यायचे. पण उत्तर लगेच यायचं नाही. खऱ्या इंटरनेटसारखी काही सेकंदांची ढिलाई त्यात मुद्दाम घातलेली होती. जाळ्यात थोडा उशीर आणि पाकिटांची किरकोळ गळतीही घडवून आणली जायची.

ही ढिलाई का घालायची, हे एका गणितात कळतं. समजा सेकंदाला 400 रिक्वेस्ट येतात आणि निम्म्या मिस होतात. मिसचं उत्तर यायला अडीच सेकंद लागत असतील तर कोणत्याही क्षणी 200 गुणिले अडीच, म्हणजे 500 मागण्या ताटकळत असतात. प्रत्येकीसाठी दोन कनेक्शन, एक मागणाऱ्याशी आणि एक मूळ सर्व्हरशी. झाले 1000. लिनक्सवर एका प्रोग्रॅमने एका वेळी उघडायच्या कनेक्शनांची आणि फायलींची नेहमीची मर्यादा 1024 असते. हिट आणि डिस्कच्या फायली मिळवल्या की ती ओलांडलीच. आता तीच चाचणी 5 मिलिसेकंदांत उत्तर देणारा सर्व्हर शेजारी ठेवून केली तर एका वेळी फक्त एक मागणी ताटकळते आणि अहवाल येतो ‘सर्व ठीक’. सोमवारी सकाळी खरे लोक आले की प्रॉक्सी आडवा. 

या स्पर्धांचे आणखी दोन नियम आजही पाळण्यासारखे आहेत. एक, मोजमापाआधी कॅशे पूर्ण भरायची. रिकाम्या डिस्कवर फक्त लिहावं लागतं, भरलेल्या डिस्कवर पुसावंही लागतं. पहिल्या तासाचा वेग दुसऱ्या दिवशी टिकत नाही. दुसरा, मध्येच वीज तोडायची आणि मशीन पुन्हा कामाला लागायला, पहिली हिट द्यायला किती वेळ घेतं ते पाहायचं. जिथे दुपारी वीज जाणं नवलाचं नाही, तिथे हा आकडा सेकंदाला किती रिक्वेस्ट यापेक्षा मोलाचा ठरू शकतो.

आकडे कसे फसवतात

सगळ्यात सोपी लबाडी म्हणजे एकच पान लाख वेळा मागणं. पहिल्या मागणीनंतर ते रॅममध्ये बसतं आणि पुढे डिस्क झोपून राहते. छापून येतो तो नेटवर्क कार्डाचा आणि प्रोसेसरचा वेग, कॅशेचा नव्हे. बरेचदा ही लबाडीही नसते. हाताशी असलेलं चाचणीचं साधन एकाच पत्त्यावर चालवणं सोपं पडतं, एवढंच कारण.

दुसरा फसवा आकडा सरासरीचा. 60 टक्के हिट 5 मिलिसेकंदांत आणि 40 टक्के मिस 800 मिलिसेकंदांत मिळतात असं धरलं, तर सरासरी येते 323. प्रत्यक्षात 323 मिलिसेकंदांचा अनुभव एकालाही येत नाही. काहींना पान चटकन मिळतं, काहींना पाऊण सेकंदाहून जास्त थांबावं लागतं. म्हणून सरासरीऐवजी ‘शंभरातल्या 95 रिक्वेस्ट किती वेळात भागल्या, 99 किती वेळात’ असं विचारतात. हिट आणि मिस यांचे आकडे वेगवेगळे मागितले तर आणखी चांगलं.

तिसरा दोष अधिक बेमालूम आहे. गिल टेने या अभियंत्याने तो वेशीवर टांगला. बरीचशी साधनं आधीचं उत्तर आल्यावरच पुढची रिक्वेस्ट पाठवतात. समजा 100 सेकंदांच्या चाचणीत सेकंदाला 100 रिक्वेस्ट जातात आणि मध्येच सर्व्हर 10 सेकंद गोठतो. साधनही 10 सेकंद गप्प बसतं. अहवालात 9000 चांगली उत्तरं आणि एक वाईट. खरे वापरकर्ते मात्र असे समंजस नसतात, ते येतच राहतात. त्या 10 सेकंदांत आणखी 1000 जण आले असते आणि सगळे ताटकळले असते. दहा टक्के लोकांचा मनस्ताप अहवालात नऊ हजारांत एक होऊन जातो. ठरावीक वेगाने, उत्तराची वाट न पाहता मागण्या सोडणारं साधन वापरलं तर हा दोष टळतो. टेने यांनी त्यासाठीच ‘डब्ल्यूआरके’ या साधनाची ‘डब्ल्यूआरके-2’ ही सुधारित आवृत्ती काढली.

अडथळा पुढे सरकतो

एचटीटीपीएस सर्रास झाल्यापासून सगळा डाव बदलला. 2017 च्या सुमारास वेबवरची निम्म्याहून जास्त पानं कुलूपबंद होऊन जाऊ लागली. कॉलेजच्या प्रॉक्सीला आता आतलं काही दिसत नाही. तो फक्त बोगदा खोदून देतो. लॉगमध्ये ‘टीसीपी_टनेल’च्या ओळींवर ओळी दिसतात आणि हिटचं प्रमाण घसरतं. आज एखाद्या संस्थेने केवळ बँडविड्थ वाचवायला मोठ्या डिस्कांचा प्रॉक्सी घेणं म्हणूनच तपासून पाहण्यासारखं आहे. कॅशे मरण पावली नाही, तिने जागा बदलली. ती आता मूळ साइटच्या बाजूला, साइटच्या स्वतःच्या चावीसह उभी असते. विकिपीडियाने 2004 मध्ये स्क्विड बसवला, मग वार्निश घेतला, पुढे अपाचे ट्रॅफिक सर्व्हर आणला. 2018 पासून त्यांचं एक कॅशे केंद्र सिंगापुरात आहे आणि मराठी विकिपीडियाचं पान भारतातून उघडलं तर ते सहसा अमेरिकेपर्यंत न जाता तिथूनच येतं.

नेटफ्लिक्सने 2021 मध्ये सांगितलेली गोष्ट हार्डवेअरच्या दृष्टीने फार बोलकी आहे. त्यांच्या कॅशे सर्व्हरवर फ्रीबीएसडी आणि एन्जिनएक्स हे वेब सर्व्हर सॉफ्टवेअर चालतं. एका मशिनमधून सेकंदाला 400 गिगाबिट व्हिडिओ बाहेर काढायचा असं त्यांनी ठरवलं. म्हणजे सेकंदाला 50 जीबी. एएमडी एपिकचा 32 कोअरचा प्रोसेसर, 256 जीबी रॅम, अठरा एनव्हीएमई डिस्का, चार 100 गिगाबिटचे पोर्ट. डिस्का पुरेशा होत्या, पोर्टही पुरेसे होते. तरी गाडी 240 गिगाबिटवर अडली.

अडथळा रॅमच्या येण्याजाण्याच्या रस्त्यात होता. व्हिडिओ डिस्कवरून रॅममध्ये लिहिला जातो, कुलूप लावायला प्रोसेसर तो वाचतो, कुलूपबंद प्रत परत रॅममध्ये लिहितो आणि नेटवर्क कार्ड ती वाचून बाहेर पाठवतं. प्रत्येक बाइटाच्या चार फेऱ्या. 50 जीबीच्या चार फेऱ्या म्हणजे 200 जीबी आणि त्या मशिनच्या रॅमचा रस्ता 150 च्या आसपासच रुंद. मग कुलूप लावायचं काम नेटवर्क कार्डाकडेच दिलं. फेऱ्या दोनवर आल्या आणि तेच मशीन 380 गिगाबिटपर्यंत गेलं. 1998 मध्ये डिस्कचा हात अडत होता, 2021 मध्ये रॅमचा रस्ता. कोटेशनमध्ये ठळक छापलेले कोअर दोन्ही वेळा मुख्य दोषी नव्हते.

क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणाची गरज तर याहूनही वेगळी. 2019 च्या विश्वचषकात भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना हॉटस्टारवर एकाच वेळी 2.53 कोटी प्रेक्षक पाहत होते. 2023 च्या अंतिम सामन्याला हा आकडा 5.9 कोटींवर गेला. एवढ्या लोकांना हवे असतात ते शेवटच्या काही सेकंदांचेच तुकडे. ते रॅममध्ये सहज मावतात, डिस्क लागतच नाही. कस लागतो तो कनेक्शनांचा आणि नेटवर्कचा. शिवाय नवा तुकडा तयार झाला की हजारो मागण्या एकाच क्षणी येतात आणि तो अजून कॅशेत नसतो. अशा वेळी मूळ सर्व्हरकडे एकच मागणी पाठवून बाकीच्यांना क्षणभर थोपवायची सोय प्रॉक्सीत असावी लागते. वार्निशमध्ये ती आपोआप आहे. स्क्विड आणि एन्जिनएक्समध्ये चालू करावी लागते. ती बंद राहिली तर उत्तम हार्डवेअर असूनही मूळ सर्व्हर झोपतो.

कोटेशन मागवण्याआधी

सगळ्यांना चालेल असा एक ‘उत्तम’ कॅशे सर्व्हर नसतो. कुणाची मागणी विखुरलेली, कुणाची एकवटलेली. कुणाच्या वस्तू 13 केबीच्या, कुणाच्या काही एमबीच्या. त्यामुळे विक्रेत्याचा आकडा समोर आला की त्याला थोडे प्रश्न विचारावेत. चाचणीआधी कॅशे भरलेली होती का? वेगवेगळ्या वस्तू किती मागितल्या आणि त्यांचा सरासरी आकार काय होता? हिटचं प्रमाण रिक्वेस्टचं की बाइटांचं? मूळ सर्व्हर किती वेळात उत्तर देत होता? एचटीटीपीएस चालू होतं का आणि प्रत्येक रिक्वेस्टला नवं कनेक्शन होतं की जुनंच वापरलं? 99 टक्के रिक्वेस्ट किती वेळात भागल्या? चाचणी किती तास चालली?

यांची उत्तरं नसतील तर तो आकडा बाजूला ठेवावा. आणि त्याहीआधी सध्याच्या सर्व्हरचा किमान एका आठवड्याचा लॉग काढून हिट, मिस, टनेल, वस्तूंचे आकार आणि गर्दीच्या वेळेचा वेग एवढ्या पाच गोष्टी मोजाव्यात. खुली साधनं वापरून हे काम एका दुपारी होतं, त्याला पैसे पडत नाहीत आणि नवं मशीन मुळात लागतं का, याचं उत्तर बऱ्याचदा त्यातच मिळतं.